जुन्या गाडीच्या पत्र्याला लागलेला गंज: लांबी (पुट्टी) भरून भागवावे की पत्रा कापून काम करावे?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००६ साली साताऱ्यातच नोंदवलेली मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि अलीकडेपर्यंत तेच चालवत होते. इंजिन, गिअर, क्लच यांबद्दल काही तक्रार नाही; काळजी आहे ती पत्र्याची. घराला बंदिस्त गॅरेज नसल्यामुळे गाडीने अनेक पावसाळे अंगणात, झाडाखाली काढले आहेत. पुढच्या दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आले आहेत, डाव्या बाजूचा रनिंग बोर्ड (दरवाजांखालची पत्र्याची पोकळ पट्टी) मागच्या चाकाजवळ अंगठ्याने दाबला की किंचित आत जातो, आणि चालकाच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तेव्हा खालचा गालिचा ओला व त्याखालचा पत्रा तपकिरी दिसला.

दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या कारागिरांनी घासून, लांबी भरून आणि रंग मारून दोन दिवसांत गाडी देतो असे सांगितले. दुसऱ्यांचे म्हणणे असे की सीट आणि गालिचा बाहेर काढून, रनिंग बोर्डाचा सडलेला भाग कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, आणि आत नेमके किती सडले आहे हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. अर्थातच त्यांचा खर्च पहिल्याच्या कितीतरी पट आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत जवळ आली आहे आणि गाडी अजून काही वर्षे वापरावी अशी इच्छा आहे. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, आणि निर्णय घेण्यापूर्वी मी स्वतः काय तपासून पाहावे?

पत्राकाम_कुपवाड

ताई, मी सांगली-कुपवाड भागात आयुष्यभर पत्र्याचेच काम केले आहे, आता मुले पाहतात. आपण दिलेल्या वर्णनावरून दुसऱ्या कारागिरांचे म्हणणे मला बरोबर वाटते, पण त्याचे कारण समजून घ्या, म्हणजे पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे हे आपणच ठरवू शकाल.

जीपला खाली स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. त्यामुळे जीपचा पत्रा सडला तरी भार पेलणारी चौकट वेगळी राहते. आपल्या गाडीला अशी वेगळी चासी नाही; तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड, पिलर (छप्पर पेलणारे खांब) आणि छप्पर एकमेकांना वेल्ड करून जी पेटी तयार होते, तीच गाडीची चासी. त्यामुळे दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज आणि रनिंग बोर्डाचा गंज दिसायला सारखा असला तरी त्यांचे महत्त्व सारखे नाही. दरवाजा सडला तर दुसरा दरवाजा बिजागऱ्यांवर बसवता येतो. रनिंग बोर्ड सडला तर बाजूने धडक बसल्यावर आतल्या माणसाला वाचवणारा आधारच गेला. अशा ठिकाणी लांबी भरणे म्हणजे भोक झाकणे आहे. लांबीला भार पेलण्याची ताकद नसते, आणि ती ओलावा शोषून घेत असल्यामुळे मागचा गंज वाढतच राहतो.

आता तपासणी. गाडी सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून नीट धुऊन घ्या आणि पूर्ण वाळू द्या, कारण चिखलाखाली काहीच कळत नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोके देत जा. चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला भद्द वाजतो. जिथे आवाज बदलेल तिथे टोकाने दाबून पाहा. टोक आत शिरले किंवा पापुद्रे निघाले तर तो पत्रा संपला असे समजा. शेजारी एक छोटे लोहचुंबकही ठेवा. रंगवलेल्या भागावर ते एकाएकी धरेनासे झाले तर त्या ठिकाणी पूर्वीच कोणीतरी जाड लांबी भरलेली आहे.

पाहण्याची ठिकाणे धोक्याच्या क्रमाने सांगतो. रनिंग बोर्ड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि जॅक लावण्याच्या जागा, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टोक ज्या पत्र्याला बांधलेले असते तो भाग, मागच्या सस्पेन्शनचे आधार, सीट आणि सीटबेल्टचे बोल्ट ज्या पत्र्यात बसतात तो भाग, आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या. ब्रेकच्या नळ्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण त्या क्लिपखाली गंजतात आणि एखाद्या दिवशी जोरात ब्रेक दाबताना फुटतात. यवतेश्वरचा घाट उतरून साताऱ्याला येणाऱ्या गाडीत ही गोष्ट न चुकता पाहिली पाहिजे. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्राही पाहा. तिथे आम्ल सांडून गंज धरतो, आणि तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन मगच घासावा लागतो.

दरवाजे, मडगार्ड, बॉनेट आणि डिकीचे झाकण सर्वांत शेवटी.

रसायन_मिरज

पत्राकाम यांनी क्रम उत्तम सांगितला आहे. गंज आतून बाहेर का येतो हे थोडे स्पष्ट करतो, कारण ते कळले की पुढची सगळी कामे आपोआप योग्य क्रमाने लागतात.

गंजण्यासाठी लोखंडाला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि पाण्यात क्षार असले की ते वीजवाहक होऊन क्रिया वेगाने होते. रनिंग बोर्डासारख्या बंद पोकळीत दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्ड (ठिपक्याठिपक्यांनी जोड) केलेले असतात. त्या दोन पत्र्यांमधल्या केसाएवढ्या फटीत पाणी ओढले जाते आणि उन्हाळ्याखेरीज ते सहसा वाळत नाही. फटीच्या तोंडाशी प्राणवायू मुबलक असतो, आतल्या टोकाला कमी असतो, आणि या फरकामुळे नेमके आतले टोक विरघळत जाते. चिखलाच्या लपक्याखालीही असेच घडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, म्हणून तो पत्र्यांचे थर एकमेकांपासून फाकवतो आणि शेवटी बाहेरचा रंग उचलतो. तात्पर्य, दरवाजाच्या कडेला आपल्याला दिसलेले फोड हे अनेक वर्षांच्या प्रक्रियेचे शेवटचे टोक आहे, आणि ते बाहेरून घासल्याने आतली फट कोरडी होत नाही.

भूगोलही विचारात घ्यावा. सांगलीत वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सातारा शहरात त्याहून बराच जास्त, आणि महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे. मात्र पावसाच्या आकड्यापेक्षा पत्रा किती काळ ओला राहतो हे अधिक महत्त्वाचे असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग एकदम वाढतो. साताऱ्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर ती सतत त्याहून वर असते, म्हणून झाडाखाली उभी राहणारी गाडी रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा लवकर सडते.

शाहूपुरी_सातारा

दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रॅम्पवर तपासणी करून घेतली. डावा रनिंग बोर्ड मागच्या बाजूला तळहाताएवढा सडला आहे, तिथे टोक सहज आत गेले. उजवा शाबूत आहे. शॉकॲब्सॉर्बरच्या जागा आणि ब्रेकच्या नळ्या चांगल्या आहेत. चालकाच्या पायाखालच्या पत्र्यावर गंज वरवरचा आहे. ठोकल्यावर आवाज खणखणीत आला. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी असलेली भोके पाने आणि मातीने पूर्ण बुजलेली होती. तार फिरवल्यावर काळे पाणी वाहिले. पायाखाली पाणी कुठून येते हे मात्र अजून कळलेले नाही.

पत्राकाम_कुपवाड

हे फारच चांगले लक्षण आहे. एका बाजूचा मर्यादित भाग कापावा लागेल आणि बाकीचे काम हाताने होण्यासारखे आहे.

पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. गाडी झाडाखाली उभी असायची, म्हणजे पहिला संशय वायपरखालच्या जाळीवर. काचेवरून वाहणारे पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हाळीत पडते आणि दोन्ही बाजूंनी खाली निघून जाते. पाने कुजून पन्हाळ तुंबली की पाणी तुंबून पायाखाली उतरते. दुसरा संशय पुढच्या काचेच्या रबरावर, विशेषतः काच कधी बदलली असेल तर. तिसरा, दरवाजाच्या आतल्या पॅनेलमागे असणाऱ्या प्लॅस्टिकच्या कागदावर. स्पीकर बसवणारे किंवा काचेचे मशीन दुरुस्त करणारे तो कागद फाडतात आणि पुन्हा चिकटवत नाहीत, मग दरवाजात शिरलेले पाणी बाहेर पडण्याऐवजी आत गालिच्यावर झिरपते. एकाने आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाइपने आधी खालच्या भागावर आणि मग हळूहळू वर पाणी सोडत जावे. ज्या उंचीवर आत थेंब दिसेल ती जागा सापडली.

आता कापण्याविषयी. सडलेल्या भागाभोवती जो पत्रा चमकदार आणि पूर्ण जाडीचा मिळतो तिथपर्यंत कापले पाहिजे, त्याअलीकडे थांबले तर वेल्डिंगचा टाका पातळ पत्र्याला भोक पाडतो. बाहेरचा पत्रा कापल्यावर आतला पत्रा दिसेल. तोही सडलेला असेल तर आधी तो बदलायचा. बाहेरून सडका पत्रा तसाच ठेवून त्यावर नवा तुकडा चढवणे आणि रिव्हेट मारणे हे मी कधीही मान्य केले नाही, कारण दोन पत्र्यांमध्ये नवी फट तयार होते आणि जे आपण बरे करायला निघालो तेच पुन्हा सुरू होते.

तुकडा मूळ पत्र्याएवढ्याच किंवा किंचित जास्त जाडीच्या सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेल्या) पत्र्याचा असावा. वेल्डिंग गॅसच्या ज्योतीने करतात आणि सीओटूनेही (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात विजेवर) करतात. गॅसची उष्णता खूप दूरवर पसरते, पत्रा वाकतो आणि आतल्या बाजूचा कंपनीने चढवलेला थर मोठ्या भागावर जळून जातो. पत्र्याच्या या कामाला सीओटू वेल्डिंग बरे. तेही सलग ओढू नये, एक टाका इथे, एक तिथे असे थंड होऊ देत मारावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढलेल्या असाव्यात, गालिचा आणि सीट बाहेर असावेत, पेट्रोलच्या टाकीचे व नळ्यांचे अंतर पाहावे, आणि पाण्याची बादली व अग्निशामक जवळ असावे. तळाला पूर्वी डांबरी लेप मारलेला असेल तर तो आधी खरवडावा लागतो, नाहीतर पेट घेतो.

कारागिरांना एवढेच सांगा की पत्रा कापून उघडा झाल्यावर आणि तुकडा बंद करण्यापूर्वी आपण येऊन पाहणार आहात. चांगला कारागीर याला कधीही हरकत घेत नाही.

रसायन_मिरज

वेल्डिंगनंतरच्या थरांचा क्रम मी लिहितो. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरने सुटा गंज पूर्ण काढावा. पत्र्याच्या बारीक खळग्यांत जो राहतो, त्यासाठी गंजरूपांतरक मिळतो. त्यात फॉस्फोरिक आम्ल असते, किंवा टॅनिक आम्ल असते, जे गंजाशी संयोग पावून काळसर स्थिर थर बनवते. महाबळेश्वर-जावळीच्या रानातल्या हिरड्यात मुबलक असणारे टॅनिन ते याच जातीचे. मात्र हे रूपांतरक पापुद्रे निघणाऱ्या जाड गंजावर निरुपयोगी आहे, कारण ते वरच्या थरातच संपते. आम्लाचे अवशेष राहिले तर वरचा इपॉक्सी प्रायमर (रंगाआधी मारायचा, ओल अडवणारा थर) नीट धरत नाही, म्हणून डब्यावरील सूचनेप्रमाणे धुणे आणि पूर्ण वाळवणे आवश्यक आहे.

त्यानंतर इपॉक्सी प्रायमर. आपल्याकडे सवयीने साधा रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर) मारून गाडी आठवडाभर बाहेर ठेवली जाते. तो थर सच्छिद्र असतो. त्यातून ओल शिरून रंग चढण्यापूर्वीच खाली गंज सुरू झालेला असतो. इपॉक्सीवर सांध्यांना सीलर, मग जिथे उंचसखल असेल तिथे अगदी पातळ लांबी. लांबी वाईट नाही. ती शाबूत, प्रायमर केलेल्या पत्र्यावर पातळ थरात असेल तर तिचे काम चोख करते. उघडी लांबी पाण्याने घासू नये, ती पाणी पिते. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि ते श्वासावाटे गेले तर दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो; साधा कापडी रुमाल त्यावर उपयोगाचा नाही. म्हणून ते फवारणीचे काम घरी करू नये, बूथमध्येच करून घ्यावे.

तासगाव_द्राक्षबाग

एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी असे वाटते. आमच्या भागात जुन्या गाड्यांच्या डिक्या सडण्याचे मोठे कारण पाऊस नाही, शेतीचा माल आहे. द्राक्षांवर बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणाला मोरचूद लागते आणि त्याच्या पिशव्या लोक सर्रास गाडीच्या डिकीत टाकून आणतात. सांडलेली भुकटी मॅटखाली जाते आणि ओल लागली की पत्रा खायला लागते. पोटॅशच्या खताचेही तेच. मॅट उचलून पाहिली तर पत्र्यावर पांढरट-तपकिरी खपल्या धरलेल्या असतात. जुनी गाडी विकत घेताना डिकीची मॅट उचलून पाहावी, आणि घरची गाडी असेल तर खताची पोती जाड प्लॅस्टिकच्या उभ्या कडांच्या ट्रेमध्येच ठेवावीत.

रसायन_मिरज

अगदी बरोबर निरीक्षण आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ओलाव्यात ते लोखंडाला विरघळवते आणि त्या जागी तांब्याचा पातळ थर बसतो, आणि मग तांबे व लोखंड यांची जोडी छोट्या विद्युतघटासारखी वागून शेजारचे लोखंड पुढेही खात राहते. म्हणून नुसते झाडून चालत नाही, भरपूर पाण्याने धुऊन तो भाग चमकेपर्यंत घासावा लागतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड आहे, म्हणजे पत्र्याच्या दृष्टीने समुद्राच्या मिठाचे भावंडच. गुहागर किंवा गणपतीपुळ्याला जाऊन वाळूवर गाडी नेणाऱ्यांनी परतल्यावर लगेच तळ गोड्या पाण्याने धुवावा, तोही याच कारणासाठी.

गावभाग_सांगली

पुरात उभ्या राहिलेल्या गाडीविषयी लिहितो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमची गाडी दारात दरवाजांच्या निम्म्यापर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर सगळ्यांचे लक्ष इंजिन, वायरिंग आणि सीटकडे गेले, ती कामे झाली आणि गाडी सुरू झाली. रनिंग बोर्डाच्या आत गाळ भरून राहिला आहे हे कोणी पाहिले नाही. नदीचा तो बारीक गाळ ओल धरून ठेवतो, आणि काही वर्षांनी दोन्ही बाजूंचे रनिंग बोर्ड आतून गेले.

ज्यांच्या गाड्या २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पुरात होत्या, त्यांनी रनिंग बोर्डावरची रबरी बुचे काढून आत पाइपने स्वच्छ पाणी सोडावे, गढूळ पाणी यायचे थांबेपर्यंत धुवावे, नंतर कॉम्प्रेसरची हवा मारून वाळवावे आणि आत मेणाचा थर फवारावा. सांगली-कोल्हापूरची जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही ही बुचे उघडून बोट फिरवून पाहावे. बोटाला चिकणमाती लागली तर वरचा रंग कितीही चकचकीत असला तरी ती गाडी सोडून द्यावी.

पाटणखोरे

मी वेगळे मत मांडतो. आमच्याकडे कोयनेच्या बाजूला पावसाळ्यापूर्वी जीपच्या तळाला जळके ऑइल मारण्याची पद्धत आहे. वडिलांच्या जीपचा तळ अजून शाबूत आहे. शहरात मारतात तो महागडा डांबरी लेप मी नव्या गाड्यांवर तडकलेला पाहिला आहे. मग ऑइलच का मारू नये?

पत्राकाम_कुपवाड

आपले निरीक्षण खरे आहे आणि डांबरी लेपाविषयी मी पूर्ण सहमत आहे. गंजलेल्या पत्र्यावर तो लेप मारला की कडक होऊन तडकतो, तड्यातून पाणी आत जाते, आणि लेप वरून काळा, गुळगुळीत दिसत राहतो व आत पत्रा सडतो. असे लेप काढताना पत्रा लेपासकट हातात आलेला मी पाहिला आहे. तो लेप फक्त स्वच्छ, प्रायमर केलेल्या पत्र्यावरच चालतो.

ऑइल मऊ राहते आणि फटीत शिरते म्हणून ते टिकवते, यात शंका नाही. पण जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले आम्ल आणि धातूचे कण असतात, सस्पेन्शनची रबरी बुशे त्याने फुगतात, ब्रेकवर गेले तर ब्रेक लागत नाहीत, आणि पहिल्या पावसात त्यातले बरेचसे शेतात व ओढ्यात जाते. जीपचा तळ उघडा आणि जाड असतो. ताईंच्या गाडीत ते ऑइल दरवाजांच्या रबरापर्यंत पोहोचेल. तेच तत्त्व स्वच्छ साधनाने साधता येते: पोकळीत फवारण्याचे मेण किंवा लॅनोलिनयुक्त (लोकरीतून निघणाऱ्या मेणाचा) लेप मिळतो, तो ऑइलसारखाच मऊ राहून फटीत सरकतो आणि रबराला तेवढा त्रास देत नाही. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो, एवढेच.

उसाचा_मळा_कराड

काढता येणाऱ्या छोट्या भागांसाठी, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे यांसाठी, मळीचे (साखर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या दाट पाकाचे) पाणी वापरून पाहा. एक भाग मळी आणि साधारण नऊ भाग पाणी अशा मिश्रणात भाग बुडवून ठेवले की एक-दोन आठवड्यांत गंज सुटून येतो आणि खालचे चांगले लोखंड जवळजवळ जसेच्या तसे राहते. वास मात्र येतो, म्हणून घरापासून दूर ठेवावे. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेले भाग त्यात टाकू नयेत. मळीची खरेदी आणि साठवण उत्पादन शुल्क विभागाच्या नियमांखाली येते, त्यामुळे कारखान्यातून डबा भरून आणण्याचा विचार कोणी करू नये. ज्यांना मळी मिळणार नाही त्यांनी किराणा दुकानातले लिंबूफूल पाण्यात विरघळवून वापरावे. ते लवकर काम करते, पण भाग काही तासांतच काढून, धुऊन, लगेच वाळवून प्रायमर मारावा लागतो, कारण उघडे लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते.

रसायन_मिरज

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून विजेनेही गंज काढता येतो. भाग ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र अजिबात वापरू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. हे काम उघड्या हवेत करावे, कारण हायड्रोजन निघतो. स्प्रिंग आणि कठीण पोलादाचे बोल्ट या पद्धतीने साफ करू नयेत, ते ठिसूळ होतात.

कागदपत्र_पोवईनाका

नूतनीकरणाचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण होते. पर्यावरण कर आणि विम्याची कागदेही लागतात. मुख्य सूचना चासी नंबरविषयी आहे. तो पत्र्यावर कोरलेला असतो, आणि तपासणीत तो स्पष्ट वाचता आला पाहिजे. त्या जागेवर गंज असेल तर ग्राइंडर लावू नका. मऊ ब्रशने साफ करून पातळ पारदर्शक थर द्या. पत्र्याच्या कामात तो भाग कापण्याची वेळ आली, तर आधी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करून मगच हात लावावा, कारण नंबर खोडल्याचा किंवा बदलल्याचा संशय आला तर प्रकरण पत्र्यापुरते राहत नाही. काम सुरू करण्यापूर्वी त्या जागेचे छायाचित्रही काढून ठेवा.

शाहूपुरी_सातारा

सर्वांचे आभार. पाण्याची जागा सापडली: वायपरखालची पन्हाळ कुजलेल्या पानांनी भरलेली होती. ती साफ केल्यावर पाइपने पाणी सोडून पाहिले, आत थेंब आला नाही. दुसऱ्या कारागिरांकडे काम द्यायचे ठरवले आहे आणि पत्रा बंद करण्यापूर्वी पाहायला येणार असे सांगितल्यावर त्यांनी लगेच होकार दिला. दरवाजांच्या कडा सध्या घासून, इपॉक्सी प्रायमर मारून ठेवणार आहे. पुरेसे पैसे जमले की त्यांचे पत्रे बदलेन. दोन प्रश्न उरले आहेत. पावसाळ्यात गाडीवर मेणकापडाचे आवरण घालावे का? आणि रनिंग बोर्डात मेण कधी व कसे फवारावे?

पत्राकाम_कुपवाड

आपला निर्णय योग्य आहे. ताकदीच्या ठिकाणी आता खर्च करणे आणि दिसण्याच्या ठिकाणी थांबणे, असेच मी माझ्या मुलीलाही सांगितले असते.

मेणकापडाचे घट्ट आवरण घालू नका. जमिनीतून उठणारी वाफ त्याखाली अडकते आणि गाडी दिवसभर दमट राहते. त्यापेक्षा वर पत्र्याची किंवा ताडपत्रीची शेड करून चारही बाजू वाऱ्यासाठी मोकळ्या ठेवा आणि खाली माती असेल तर फरशी किंवा खडी टाका. गाडी फारशी वापरात नसली तरी आठवड्यातून एकदा चांगली फिरवून आणा.

मेण रंगकाम पूर्ण झाल्यावर, सलग काही दिवस कोरडे ऊन पडल्यानंतर फवारायचे. वेल्डिंगच्या आधी अजिबात नाही, ते पेट घेते. रनिंग बोर्डावरची रबरी बुचे काढून लांब नळी आतल्या टोकापर्यंत घालावी आणि फवारत फवारत हळूहळू बाहेर ओढावी, म्हणजे वेल्डिंगच्या सांध्याच्या आतल्या बाजूला, जिथे मूळ थर जळलेला असतो, तिथे ते नक्की पोहोचते. दरवाजांतही काचेच्या मशीनला सांभाळून खालच्या कडेला तसेच करावे. दुसऱ्या दिवशी, मेण ठिबकायचे थांबल्यावर, पाणी निघण्याच्या प्रत्येक भोकात बारीक तार फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करा, कारण साठलेल्या मेणाने भोक बुजले तर पाणी पुन्हा आतच राहील. मग बुचे परत बसवा. फाटलेले बूच असेल तर नवे घ्या.